बटेश्वरचे दगड

मी बटेश्वरला गेलो तो डाकू निर्भय गुज्जरच्या गोष्टीपायी. पुरातत्त्व खात्याचे निवृत्त अधिकारी के. के. मुहम्मद ती रंगवून सांगतात. चंबळच्या खोऱ्यात, मुरैना जिल्ह्यातल्या पडावलीजवळ, 2005च्या सुमारास पडक्या देवळांचं काम सुरू झालं. एक माणूस देवळात बिडी ओढत बसलेला दिसला, मुहम्मद त्याच्यावर डाफरले, आणि सोबतच्यानं हळूच त्याचं नाव सांगितलं. मग मुहम्मदांनी त्यालाच पटवलं, की ही देवळं गुर्जर-प्रतिहारांची, म्हणजे तुझ्याच पूर्वजांची. टोळीनं काम होऊ दिलं.

गोष्ट झकासच. पण तिच्यात दगड कुणी उचलले ते येत नाही.

ते सांगायला गावातले एक म्हातारे गवंडी भेटले. "दोनशे होती, बाबूजी," हे त्यांचं पालुपद. आठव्या ते दहाव्या शतकांतली दोनशेच्या आसपास देवळं. भूकंपानं कोसळली असावीत असं म्हणतात. ऐंशीएक पुन्हा उभी राहिली.

दगड मोजणं, त्यांवर आकडे टाकणं हे नेहमीचंच. खरी कसोटी जोड ओळखण्याची. जोतं बहुधा जागेवर सापडे. त्यावरचे जंघेचे म्हणजे भिंतीचे, शिखराचे थर रानभर विखुरलेले. वाळूचा दगड, नक्षी सगळीकडे सारखीच, त्यामुळे ती फसवते. म्हातारबा दगड उलटा करून खाचेतून अंगठा फिरवत. खाच जुळली तरच तो कप्पीवर चढायचा. तो अंगठा बोलतानाही थांबत नव्हता.

डाकूंची भीती वाटायची का? "बागी दगड कशाला नेतील?"

दगड न्यायला दुसरेच आले. नोव्हेंबर 2005मध्ये निर्भय पोलिसांच्या गोळीनं मेला, टोळ्यांचा धाक सरला आणि आसपास खाणीचे सुरुंग उडू लागले. रचलेले थर हादरायचे. सरकारदरबारी दाद लागेना, तेव्हा आपण संघाचे तेव्हाचे सरसंघचालक सुदर्शन यांना पत्र लिहिलं आणि मग सुरुंग थांबले, असं मुहम्मद सांगतात. धोका बंदुकीचा होता की ठेक्याचा, याबद्दल माझ्या मनात तरी आता संदेह नाही.

निर्भयबद्दल म्हातारबा दोन वाक्यांत आटपले. आमलकाच्या, म्हणजे शिखरावरच्या चक्रासारख्या दगडाच्या, एका तुकड्यावर मात्र अर्धा तास बोलले. चार देवळांवर लावून पाहिला, कुठंच बसला नाही. "दोनशे होती, बाबूजी. उरलेल्यांपैकी कुणाचा तरी असणारच."