छोट्या बाल्कनीसाठी गॅस ग्रिल घेताय? आधी बाल्कनी तपासा

पावसाळ्यात भाजलेलं कणीस, थंडीत भरताचं वांगं, रविवारी मसाला लावलेला बांगडा किंवा पनीर टिक्का. हे सगळं थेट आचेवर भाजण्यासाठी टेबलावर मावणारे छोटे गॅस ग्रिल आता ऑनलाइन सहज मिळतात. जाहिरातीत ते हिरवळीवर किंवा समुद्रकिनारी ठेवलेले दिसतात. मुंबई, ठाणे, पुण्यात ते जातात चार फूट रुंदीच्या बाल्कनीत, जिथे कपड्यांच्या दोऱ्या, तुळस, वॉशिंग मशीन आणि एसीचं बाहेरचं युनिट यांनी आधीच जागा धरलेली असते.

बहुतेक जण ग्रिल निवडताना बर्नर किती, आकार केवढा आणि किंमत काय, हे बघतात. पण त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर मिळायला हवं. गळती झालीच, तर या बाल्कनीतून गॅस बाहेर कुठून जाईल?

एलपीजी वर जात नाही, खाली साचतो

स्वयंपाकाचा एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. हे दोन्ही वायू हवेपेक्षा जड असतात. प्रोपेन साधारण दीडपट, तर ब्युटेन दुपटीने. त्यामुळे गळलेला गॅस धुरासारखा वर निघून जात नाही. तो पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागी साचून राहतो.

हवेत एलपीजीचं प्रमाण साधारण २ टक्के झालं की ते मिश्रण ठिणगीने पेट घेऊ शकतं. एक साधा हिशेब करून पाहू. बाल्कनी ४ फूट रुंद, ८ फूट लांब आणि तिला एक मीटर उंचीचा भरीव कठडा आहे असं समजा. कठड्याच्या आतली जागा सुमारे २.९ घनमीटर भरते. एवढी हवा पेटण्याजोगी व्हायला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास गॅस पुरतो. छोट्या ग्रिलचा नॉब पूर्ण उघडा राहिला आणि बर्नर पेटलाच नाही, तर एवढा गॅस पाऊण तासाच्या आत बाहेर पडतो. प्रत्यक्षात गॅस सगळीकडे सारखा मिसळत नाही, त्यामुळे जमिनीलगतचा थर त्याच्या कितीतरी आधी धोकादायक होतो.

बाल्कनीतलं वॉशिंग मशीन, एसीचं युनिट, दिव्याचं बटण यांपैकी कशाचीही ठिणगी त्याला पुरेशी असते. पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या जाळीतून गॅस सांडपाण्याच्या पाइपमध्येही उतरू शकतो.

तीन प्रकारच्या बाल्कनी

उघडी, सळयांच्या कठड्याची: दोन्ही बाजूंनी वारा खेळतो आणि सळयांमधून गॅस बाहेर पडतो. छोट्या ग्रिलसाठी त्यातल्या त्यात योग्य अशी हीच.

भरीव कठड्याची, पण वरून उघडी: खालचा भाग एखाद्या टबसारखा असतो. इथे ग्रिल वापरायचा तर पाणी जाण्याच्या जाळीपासून तो दूर हवा, सिलिंडर काम झाल्यावर बंद हवा आणि पेटत्या ग्रिलजवळ सतत कुणीतरी हवं.

सरकत्या काचांनी बंद केलेली: ही आता खोलीच आहे. काचा अर्ध्याच उघडतात, खालचा भाग बंदच राहतो. गळतीचा धोका आहेच, शिवाय अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. अशा बाल्कनीत कुठलाही गॅस ग्रिल नको, आणि कोळशाची शेगडी तर मुळीच नको.

गॅस कुठून आणायचा?

स्वयंपाकघरातल्या १४.२ किलोच्या सिलिंडरचं एकूण वजन भरल्यावर जवळपास ३० किलो होतं. दर रविवारी तो बाल्कनीत नेणं आणि परत आणणं व्यवहार्य नाही. त्यावर काही जण नळीला जोड देऊन ती दारातून बाल्कनीपर्यंत ओढतात. हे टाळायलाच हवं. दारात चिमटणारी, पायात येणारी आणि मध्ये जोड असलेली नळी हीच गळतीची जागा ठरते. सिलिंडर ते ग्रिल एकच अखंड नळी हवी, तीही दीड मीटरपेक्षा लांब नको.

छोट्या ग्रिलसाठी तेल कंपन्यांचा ५ किलोचा सिलिंडर सोयीचा पडतो. बाजारात सुट्या भरून मिळणाऱ्या, डोक्यावर बर्नर बसवलेल्या टाक्या मात्र घेऊ नयेत. त्यात गॅस किती भरला, झडप तपासली का, याचा काहीच भरवसा नसतो.

पाइपलाइनचा गॅस असलेल्या घरांसाठी आणखी एक मुद्दा. पाइपमधून येतो तो नैसर्गिक वायू. त्याचा दाब आणि उष्णता वेगळी असल्याने एलपीजीसाठी बनवलेला ग्रिल त्याला थेट जोडता येत नाही. जेट बदलावे लागतात, आणि तसं करण्याची परवानगी उत्पादकाने दिलेली असेल तरच, गॅस कंपनीच्या माणसाकडून.

सुमारे २२० ग्रॅमच्या डब्यावर चालणारी कॅसेट शेगडीही मिळते. तिच्यावर शेगडीपेक्षा मोठा तवा किंवा जाळी ठेवली, तर आच शेजारच्या डब्यावर परतते आणि डबा तापून फुटू शकतो. ग्रिल म्हणून वापरायची असेल, तर तिच्याच मापाची जाळी हवी.

रेग्युलेटर जुळतो का?

भारतातला घरगुती रेग्युलेटर साधारण ३० मिलिबार दाबाने गॅस सोडतो. परदेशी बनावटीच्या ग्रिलमध्ये दोन प्रकार आढळतात. काही ग्रिल असाच कमी दाबाचा गॅस घेतात. काहींना छोटी कॅम्पिंगची बाटली थेट लागते आणि दाब कमी करणारा रेग्युलेटर ग्रिललाच बसवलेला असतो. अमेरिकी बाटल्यांचे आटे आपल्याकडच्या सिलिंडरला बसत नाहीत.

मग दुकानदार एखादा जोड लावून देतो, किंवा हॉटेलच्या भट्टीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर सुचवतो. कमी दाबाच्या जेटमधून जास्त दाबाचा गॅस सोडला की निळ्या आचेऐवजी लांब पिवळ्या ज्वाळा उठतात आणि नळीवरही ताण येतो. म्हणून खरेदीआधी एकच गोष्ट लेखी विचारावी: हा ग्रिल भारतीय एलपीजी सिलिंडरवर, ३० मिलिबारच्या रेग्युलेटरवर, कुठलाही जोड न लावता चालतो का? उत्तर स्पष्ट ‘हो’ नसेल, तर तो ग्रिल सोडून द्यावा.

केवढा पुरेल?

परदेशी ग्रिलची ताकद बहुधा बीटीयूमध्ये लिहिलेली असते. सुमारे ३,४०० बीटीयू म्हणजे एक किलोवॅट. छोट्या ग्रिलवर ८,५०० बीटीयू लिहिलं असेल, तर ते अडीच किलोवॅट झाले, म्हणजे घरातल्या शेगडीच्या मोठ्या बर्नरपेक्षा थोडेसे जास्त. पूर्ण आचेवर तो तासाला साधारण २०० ग्रॅम गॅस खातो. ५ किलोचा सिलिंडर त्या हिशेबाने २५ तास पुरतो.

भाजायची जागा १,२०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ४० बाय ३० सेंटिमीटर असली, तरी चार माणसांचं काम भागतं. त्यावर सात-आठ सोललेली कणसं किंवा दोन मध्यम पापलेट मावतात आणि थोडी जागाही मोकळी राहते. ती हवीच. चरबी पेटून ज्वाळा उठली, तर पदार्थ लगेच तिकडे सरकवता येतो. बीटीयूचा आकडा मोठा आहे म्हणून ग्रिल चांगला, असं नाही. तेवढीच आच दुप्पट जागेवर पसरली, तर मासा भाजण्याऐवजी शिजतो.

झाकण, जाळी आणि ट्रे

वरच्या मजल्यावर वारा जास्त. झाकण नसेल तर अर्धी आच उडून जाते आणि बर्नर विझू शकतो. म्हणून झाकण असलेलाच ग्रिल घ्यावा. आच विझताच गॅस आपोआप बंद करणारी सोय असेल, तर त्यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

बर्नरवर तिरकी पट्टी असावी, म्हणजे तेल थेट आचेवर टपकत नाही आणि धूरही कमी होतो. खालचा ट्रे बाहेर काढून धुता येणारा हवा. बिडाची जाळी छान भाजते, पण दमट हवेत गंजते. प्रत्येक वापरानंतर पुसून तेलाचा हात फिरवावा लागतो. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत इनॅमलचा थर असलेली किंवा चांगल्या स्टीलची जाळी जास्त टिकते.

जागा मोजताना

ग्रिलचं माप झाकण उघडं ठेवून घ्यावं. मागे आणि बाजूला पडदा, प्लास्टिकचं छत, बांबूची चटई असं जळण्याजोगं काही असेल, तर साधारण ६० सेंटिमीटर अंतर हवं. पुस्तिकेत जास्त सांगितलं असेल तर तेवढं. वरच्या कपड्यांच्या दोऱ्या त्या वेळी रिकाम्या असाव्यात. ग्रिल डगमगणाऱ्या स्टुलावर नको, पक्क्या टेबलावर हवा. सिलिंडर उभा, ग्रिलपेक्षा खालच्या पातळीवर आणि बाजूला असावा, अगदी खाली नाही. घरात परत येण्याचा दरवाजा ग्रिलच्या मागे अडकता कामा नये.

सोसायटीचे नियमही आधी विचारावेत. भाड्याच्या घरात मालकाची परवानगी घ्यावी. वरच्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरींना बांगड्याचा वास लागला, की ग्रिल कितीही चांगला असला तरी कोपऱ्यात पडतो. अमेरिकेत राहणाऱ्यांनी तर भाडेकरार आणि स्थानिक अग्निनियम दोन्ही वाचावेत. तिथल्या अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या नमुना नियमावलीत अपार्टमेंटच्या ज्वलनशील बाल्कनीवर साधारण एक पौंड गॅसच्या बाटलीपेक्षा मोठ्या सिलिंडरवर चालणाऱ्या ग्रिलला मनाई आहे, स्प्रिंकलरसारखे काही अपवाद सोडून.

पेटवण्याआधी

आयएसआय चिन्हाची नळी वापरावी आणि ती पाच वर्षांनी बदलावी. सिलिंडर जोडल्यावर, ग्रिलचे नॉब बंद ठेवून, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावावं. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून कधीही तपासू नये. पेटवताना झाकण उघडंच असावं. बर्नर पेटला नाही तर नॉब बंद करून पाच मिनिटं थांबावं. काम संपल्यावर आधी रेग्युलेटर बंद करावा.

वास आला तर बाल्कनीतली वा घरातली कुठलीही बटणं चालू-बंद करू नयेत, रेग्युलेटर बंद करून सगळ्यांनी दूर जावं आणि मोकळ्या जागेतून १९०६ या एलपीजी आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा.

गॅस जमणारच नसेल तर

बंद बाल्कनीसाठी विजेचा ग्रिल हा चांगला पर्याय. २,००० वॅटचा ग्रिल सुमारे ९ अँपिअर वीज घेतो, त्यामुळे त्याला १६ अँपिअरचा सॉकेट लागतो. मोबाइल चार्जरच्या सॉकेटवर किंवा साध्या एक्स्टेन्शनवर तो चालवू नये. धूर काढायला खिडकी उघडी ठेवावी. कणीस, पनीर, मासा हे सगळं त्यावर होतं. वांग्याला मात्र थेट आचेचा धुरकट वास येत नाही. भरतापुरतं स्वयंपाकघरातल्या शेगडीवरच वांगं भाजून घेतलं, की तोही प्रश्न सुटतो.