पाणी वाचवायला ठिबक कोण बसवतो?

शिवारातलं नवं : भाग ४

गेल्या आठवड्यात ठिबकचा संच कसा चालतो ते पाहिलं. या वेळी त्याहून अवघड प्रश्न : हाच संच एका पट्ट्यात बांधोबांध पसरतो आणि दुसरीकडे अनुदान असूनही अडून बसतो, ते का?

जळगाव जिल्ह्यातला रावेर-यावलचा केळीचा पट्टा घ्या. तिथं ठिबक रुजलं त्यामागं ‘पर्यावरण’ हा शब्द शोधून सापडणार नाही. रात्री-अपरात्री वीज आली की बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं, ते थांबलं. विद्राव्य खत नळीतून थेट मुळाशी जाऊ लागलं. दोन ओळींमधली जागा कोरडी राहिली, त्यामुळं तण आणि खुरपणीची मजुरी घटली. ऊतिसंवर्धित रोपं एकसारखी वाढतात, त्यांना पाणी-खतही एकसारखं लागतं. ठिबकनं ती सोय केली. शिवाय तिथलं भूजल उपसून उपसून खोल गेलेलं. विहीर स्वतःची, तळ दिसतोय तोही स्वतःचाच. वाचवलेल्या पाण्याचा फायदा वाचवणाऱ्याच्याच पदरात पडत होता.

आता पाटाच्या पाण्यावरचा ऊस पाहा. तिथं पाणीपट्टी बहुतेक ठिकाणी पीक आणि क्षेत्र पाहून लागते, पाणी मोजून नाही. निम्मं पाणी वाचवलं तरी पट्टी तेवढीच. त्यात पाट रोज वाहत नाही, आवर्तन आलं की पाणी येतं. ठिबकला मात्र रोज किंवा दिवसाआड थोडंथोडं पाणी लागतं. म्हणजे आधी विहीर किंवा शेततळं हवं, मग नळ्या. २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं उसाला टप्प्याटप्प्यानं ठिबक सक्तीचं करण्याचा निर्णय घेतला. तरी पाटाच्या पट्ट्यात मोकळ्या पाण्यावरचा ऊस आजही दिसतो. आदेश निघाला, पण हिशेब बदलला नाही.

हिशेब बदलला की काय होतं, ते नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात दिसतं. तिथं पाणीवापर संस्था घनमापन पद्धतीनं, म्हणजे मोजून पाणी घेतात आणि सभासदांना वाटतात. मोजलेलं पाणी जपून वापरलं जातं. तिथल्या द्राक्षबागा आणि भाजीपाला ठिबकवर गेला.

मग अनुदानाचं काय? केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्पभूधारकाला मंजूर खर्चाच्या ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के मिळतात. राज्य भर घालून ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत नेतं. आकडा मोठा आहे, पण क्रम पाहा : अर्ज, पूर्वसंमती, खरेदी, मोका तपासणी, आणि त्यानंतर खात्यात पैसे. ज्याच्याकडं आधी घालायला रक्कम आहे त्याला हे जमतं. दोन एकरवाल्याला टक्क्यांपेक्षा तारीख महत्त्वाची असते. तेवढाच महत्त्वाचा असतो तालुक्याच्या गावचा दुकानदार. ऐन उन्हाळ्यात ड्रिपर क्षारानं तुंबले, उंदरांनी लॅटरल म्हणजे पिकाच्या ओळीतली नळी कुरतडली, तर दुसऱ्या दिवशी सामान मिळणार का?

आणि शेवटी शेजारी. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मका कसा पसरला, याचा अभ्यास ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी १९४३ साली प्रसिद्ध केला. २५९ शेतकऱ्यांपैकी सर्वाधिक जणांना नव्या बियाण्याची पहिली खबर विक्रेत्याकडून लागली होती. मन वळवण्यात मात्र सर्वाधिक वाटा शेजाऱ्यांचा होता. ऐकण्यापासून पेरण्यापर्यंत सरासरी ९ वर्षं गेली, आणि सुरुवातीला बहुतेकांनी थोड्याच रानात पेरून पाहिलं. आपल्याकडं बांधावर उभं राहून दुसऱ्याचं पीक न्याहाळणारा माणूस हेच करत असतो. त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की प्रयोग फसला तर वर्षभराचं उत्पन्न त्याचं जातं, सल्ला देणाऱ्याचं नाही.

एक धोकाही सांगायला हवा. ठिबकनं वाचलेलं पाणी जमिनीत राहतंच असं नाही. बरेचदा त्यावर आणखी एकरभर बाग उभी राहते आणि विहीर पुन्हा तळाला जाते. शेतकऱ्याचा फायदा आणि भूजलाचा फायदा एका वाटेनं काही अंतर जातात, मग फाटा फुटतो. तिथून पुढं गावानं मिळून पाण्याचा ताळेबंद मांडल्याशिवाय गत्यंतर नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘शेतकऱ्यांमध्ये जागृती करायला हवी’ म्हणालं, तर त्याला तीन गोष्टी विचारा : पाणी मोजलं जातं का, पैसे कधी मिळतात, आणि नळी तुंबली तर कोण येतं? पुढच्या आठवड्यात सौर पंप. तिथं हेच प्रश्न जरा वेगळ्या रूपात भेटतील.