गिऱ्हाईकाची पसंती : अंदाज नको, हिशोब हवा

कोणत्याही दुकानदाराला विचारा, "तुमच्याकडे सर्वात जास्त काय खपते?" तो क्षणभरही विचार न करता उत्तर देईल. आम्हीही असेच उत्तर देत होतो. तीस वर्षे कापडाच्या गादीवर काढल्यावर गिऱ्हाईकाची नजर ओळखता येते, असा आमचा समज होता. २०२३ च्या रमजानने हा समज मोडला.

त्या वर्षी आम्ही भरतकाम केलेले महागडे ड्रेस मटेरियल सुरतहून उधारीवर भरले. कारण एवढेच की, आदल्या वर्षी चाँद रातीला काही गिऱ्हाइकांनी असा माल मागितला होता आणि त्यांना परत पाठवावे लागले होते. ते परत जाणे आमच्या डोक्यात घर करून बसले. २२ एप्रिलला ईद झाली आणि कपाटे भरलेलीच राहिली. माल विकला जावो अथवा न जावो, सुरतच्या व्यापाऱ्याचे पैसे मुदतीत द्यायचे होते. शेवटी पावसाळ्यात तो माल खरेदीच्या भावाखाली काढावा लागला. नफा तर गेलाच, पण बाजारातील शब्दही जाण्याची वेळ आली होती.

आमचा मुलगा बी. कॉम. आहे. त्याने एकच प्रश्न विचारला, "अब्बा, चाँद रातीला परत गेलेली गिऱ्हाईके किती होती?" आम्ही आठवून मोजली. सात-आठ भरली. सात-आठ माणसांच्या आठवणीवर आम्ही वर्षाची पुंजी लावली होती.

त्यानंतर आम्ही संगणकावर स्प्रेडशीट सुरू केली. त्यातून जे शिकलो ते व्यापारी बांधवांपुढे ठेवीत आहोत.

आखीव वहीच, पण बोलकी

स्प्रेडशीट या शब्दाने घाबरण्याचे कारण नाही. आपल्या खतावणीसारखे आडवे-उभे रकाने, एवढेच तिचे रूप आहे. फरक असा की, बेरीज, मोजणी आणि वर्गवारी ती स्वतः करते. १९७९ मध्ये अमेरिकेत डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी 'व्हिजिकॅल्क' नावाची अशी पहिली लोकप्रिय वही लहान संगणकासाठी बाजारात आणली. आज एक्सेल सर्वांना माहीत आहे. 'लिब्रे ऑफिस'मधील कॅल्क हा प्रकार फुकट मिळतो आणि मोबाईलवरही असे काम होते.

आम्ही ठेवलेले रकाने असे : तारीख, हिजरी महिना, माल, रंग, पन्हा, मीटर, दर, रोख की उधार. विकलेल्या प्रत्येक मालाला एक ओळ. गिऱ्हाईकाचे नाव किंवा फोन नंबर आम्ही यात लिहीत नाही. पसंती मोजायला नावाची गरज नसते, आणि दुकानात येणाऱ्या आया-बहिणींचा विश्वास मोठा असतो.

सुरुवातीला एक घोटाळा झाला. एकाच रंगाला मुलाने 'मेहंदी' लिहिले, नोकराने 'हिरवा' आणि आम्ही 'ग्रीन'. संगणकाने ते तीन वेगळे रंग मानले. आता रंगांची व मालाची यादी ठरलेली आहे आणि त्या यादीतूनच निवडावे लागते. मग 'पिव्होट टेबल' नावाच्या सोयीने कोणत्या महिन्यात कोणता रंग किती मीटर गेला, हे काही क्षणांत समोर येते.

सरासरी फसवते

उर्दू शाळेत आम्ही 'औसत' काढायला शिकलो. मराठीत तिला सरासरी म्हणतात. ती उपयोगी आहे, पण दुकानात ती फसवू शकते.

समजा, दिवसभरात नऊ बिले झाली : १८०, २२०, २५०, २६०, ३००, ३२०, ३५०, ४०० आणि एक लग्नघरचे ६,७२० रुपयांचे. एकूण ९,०००, म्हणजे सरासरी १,००० रुपये. हे पाहून कोणी हजार रुपयांचा माल भरला तर तो बसून राहील, कारण हजार रुपये खर्च करणारे एकही गिऱ्हाईक त्या दिवशी आले नव्हते. बिले चढत्या क्रमाने लावून मधले बिल पाहा. ते ३०० रुपयांचे आहे. याला मध्यक म्हणतात, आणि एक्सेलमध्ये 'मीडियन' लिहिले की तो मिळतो. रोजच्या गिऱ्हाईकाचा खिसा मध्यक सांगतो. लग्नघरचे गिऱ्हाईक वेगळे मोजावे.

ईद सरकते, एप्रिल सरकत नाही

२०२५ मध्ये मुलाने एप्रिलची विक्री २०२४ च्या एप्रिलशी ताडून पाहिली. विक्री निम्म्याहूनही खाली आलेली दिसली. तो घाबरून म्हणाला, "अब्बा, धंदा बसला." आम्ही त्याला चंद्राचा हिशोब सांगितला. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येते. २०२४ मध्ये आपल्याकडे ईद ११ एप्रिलला होती, म्हणजे रमजानचे शेवटचे दहा दिवस आणि चाँद रात एप्रिलमध्ये होती. २०२५ मध्ये ईद ३१ मार्चला झाली आणि सगळी खरेदी मार्चमध्येच आटोपली. रमजानशी रमजान ताडून पाहिला तेव्हा विक्री जवळपास सारखीच निघाली.

म्हणूनच हिजरी महिन्याचा रकाना आवश्यक आहे. दिवाळीही कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात. लग्नसराईचेही तसेच आहे. संगणकाला सण माहीत नसतो. तो त्याला आपण सांगायचा असतो.

न विकलेल्याची नोंद

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. विक्रीचा तक्ता फक्त विकलेले दाखवतो. गिऱ्हाईकाला काय हवे होते, हे तो दाखवत नाही.

आमच्याकडे बुरख्याचे काळे कापड होते, ४४ इंच पन्ह्याचे. तक्त्यात ते तळाशी होते. मुलाचे म्हणणे पडले की हा माल बंद करावा. आकडे त्याच्या बाजूने होते. पण त्याआधीच आम्ही दुसरे एक पान सुरू केले होते : 'विचारले, पण मिळाले नाही'. त्यात तीन महिन्यांत सर्वात जास्त वेळा आलेली नोंद हीच होती : काळे कापड, मोठा पन्हा. ५८-६० इंच पन्ह्यात कापड कमी मीटर लागते आणि जोड कमी येतात, म्हणून बाया ते मागत होत्या आणि नाही म्हटल्यावर पुढच्या दुकानात जात होत्या. गिऱ्हाईक होते, मागणी होती, पन्हा चुकत होता. केवळ विक्रीचा तक्ता पाहिला असता तर आम्ही चालणारा धंदा स्वतःच्या हाताने बंद केला असता.

हे पान भरणे मात्र सोपे नव्हते. आमचा नोकर पहिले काही दिवस काहीच लिहीत नसे. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेले हे लिहिले तर शेठ रागावतील, अशी त्याला भीती होती. आम्ही त्याला सांगितले की या पानावरील नोंदीबद्दल कोणालाही बोलणी बसणार नाहीत. तेव्हापासून पान भरू लागले.

थोड्या आकड्यांवर मोठा सौदा नको

आठ गिऱ्हाइकांपैकी पाच जणांनी एक रंग निवडला, तर तो रंग चालतो असे समजू नये. नाणे आठ वेळा उडवले तरी पाच किंवा अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता शंभरात सुमारे ३६ असते. तेच ऐंशीपैकी पन्नास जणांनी निवडला तर गोष्ट वेगळी, कारण नाण्याच्या खेळात असे घडण्याची शक्यता शंभरात दोनपेक्षाही कमी असते. प्रमाण तेच आहे, पण वजन निराळे.

म्हणून मोठ्या पन्ह्याचे कापडही आम्ही प्रथम दोनच थान आणले, तेही रोखीने. ते संपल्यावर चार आणले. उधारीवर एकदम कपाट भरण्याचा मार्ग आम्ही सोडला आहे.

नव्या मालाची पारख, शिंप्याचा सल्ला, जुन्या गिऱ्हाईकाशी दोन शब्द, हे सर्व पूर्वीप्रमाणेच लागते. ते काम तक्ता करीत नाही. पण तीस वर्षांचा अनुभव कोठे चुकतो, हे तो तोंडावर सांगतो, आणि असे सांगणारा माणूस दुकानात सहसा नसतो. ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांनी एक साधी वही घ्यावी आणि उद्या भवानी झाल्यापासून 'विचारले, पण मिळाले नाही' हे पान सुरू करावे. पुढच्या रमजानची खरेदी करण्यापूर्वी ते एकदा वाचावे, मगच सुरतला फोन लावावा.