हिवाळ्यातील गाभण व मारकी गाय : हाताळणी आणि निगा

माणदेशातील खिलार गाय देखणी, चपळ आणि स्वभावाने तापट असते. सातारा, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांतील अवर्षणप्रवण पट्ट्यात ती मुख्यत्वे शेतीकामाच्या बैलांसाठी पाळली जाते. परक्या माणसाला ती सहसा जवळ येऊ देत नाही. अशा गायीचे गाभणपणातील अखेरचे महिने ऐन थंडीत आले, म्हणजे तिला आवरावे कसे हा प्रश्न गोठ्यात उभा राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

गायीचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा असून गर्भाच्या वजनाची बहुतांश वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते. नेमक्या याच काळात तिला दोरांनी जमिनीवर पाडणे किंवा काठीने वठणीवर आणणे अत्यंत धोक्याचे ठरते. ओल्या जमिनीवर पाय घसरून ती आदळल्यास गर्भपात संभवतो, आणि एका लाथेने माणूसही कायमचा जायबंदी होऊ शकतो. लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने गाय व वासरू यांची हानी ही वर्षभराच्या आशेची हानी होय.

मारकेपणा उपजत आहे की अलीकडचा, हे प्रथम पाहावे. एरवी शांत असणारी गाय एकाएकी मारू लागली, तर कासेचा दाह, खुराची जखम अथवा अन्य वेदना यांचा शोध घेणे आवश्यक असते. तिच्या तोंडातून लाळ गळत असेल, आवाज घोगरा झाला असेल किंवा कुत्रा चावल्याचा संशय असेल, तर रेबीजची शक्यता लक्षात घेऊन तोंडात हात न घालता पशुवैद्यकास बोलवावे.

उपजत तापटपणाच्या मुळाशी बहुधा भीती असते. गायीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने तिला सभोवारचे बरेच दिसते. मात्र थेट पाठीमागचे दिसत नाही. म्हणून मागून न जाता, हाक देत, खांद्याच्या बाजूने जवळ जावे. रोज एकाच व्यक्तीने, एकाच वेळी आंबोण देऊन मान, पाठ व पुढे कास येथवर हात फिरवावा. पहिलारू कालवडीच्या बाबतीत ही सवय व्यायण्यापूर्वी काही आठवडे लावल्यास पुढे धार काढणे सुकर होते. इंजेक्शन वा तपासणीसाठी खोडा वापरावा. हे काम सावकाशीचे आहे. घाईत आठवड्याची कमाई एका दिवसात जाते.

थंडीविषयी मात्र अवास्तव चिंता आढळते. कोरडी थंडी गायीला उन्हाळ्यापेक्षा सुसह्य असते. बाधते ती ओली जमीन आणि झोंबणारा वारा. वाऱ्याच्या बाजूस गोणपाटाचे पडदे, खाली कडब्याच्या चिपाडांचा कोरडा थर आणि रात्री पोटभर वैरण पुरेशी होते. गार पाणी गाय कमी पिते, म्हणून विहिरीचे ताजे पाणी दुपारी पुन्हा दाखवावे. बुजऱ्या गायीच्या अंगावर झूल एकाएकी टाकू नये.

कास भरणे व शेपटीच्या मुळाजवळील स्नायुबंध सैल होणे ही प्रसूती जवळ आल्याची चिन्हे दिसताच तिला नित्य परिचयाच्या, मोकळ्या जागेत ठेवावे. पाणमोट फुटूनही दोन तासांत प्रगती न झाल्यास पशुवैद्यकाची मदत घ्यावी. ओले वासरू थंडीत लवकर गारठते. गाय चाटू देत नसेल तर ते कोरड्या फडक्याने पुसून पहिल्या दोन तासांत चीक पाजावा. या वेळी गाय आणि वासरू यांच्या मध्ये उभे राहू नये व बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवावी.