शेतात सापडलेले झिजलेले नाणे सातवाहनांचे आहे का? चिंच लावण्याआधी हे वाचा

शेत नांगरताना काळपट-हिरवे, बोटाच्या पेराएवढे नाणे सापडले की घरोघरी पहिला उपाय ठरलेला: चिंच नाहीतर लिंबू. नुकसान इथेच होते. आम्लाने हिरव्या थरासोबत उरलीसुरली अक्षरेही जातात. कोरड्या मऊ ब्रशने सुटी माती झटकावी, बस्स.

वजन आणि व्यास लिहून ठेवावा. मग अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च नाण्याच्या कडेला जवळजवळ आडवा धरावा. सावल्या पडतात आणि सपाट वाटणाऱ्या नाण्यावर आकार उठून दिसतात.

एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळांना जोडणारी फुली, म्हणजेच ‘उज्जैन चिन्ह’ दिसले, तर ते बहुधा सातवाहनांचे पोटीन नाणे. पोटीन म्हणजे तांबे, कथील, शिसे यांचा मिश्रधातू. एक प्रकारचे कांस्यच.

राजा कोणता, हे हत्तीभोवतीच्या ब्राह्मी अक्षरांवरून कळते. पण अनेकदा निम्मी अक्षरे नाण्यावर मावलेलीच नसतात. ‘सातकणिस’ म्हणजे ‘सातकर्णीचे’. पण सातकर्णी तर अनेक झाले! त्यामुळे त्याआधीची एक-दोन अक्षरे मोलाची. तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सुमारे १,६०० पोटीन नाणी सापडली. पुराणांच्या यादीत नसलेले कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी हे राजे अशाच अक्षरांमुळे कळले.

आणि हो, नाणे परस्पर विकू नका. १८७८ च्या ‘ट्रेझर ट्रोव्ह’ कायद्यानुसार जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.