कोच दारात येत नाही

अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत शनिवार-रविवारचं वेळापत्रक आता सॉकर ठरवतं. पाच-सहा वर्षांच्या लेकीला हौसेने मैदानावर नेलेलं असतं. बघता बघता ती नववी-दहावीत पोचते, क्लबची फी हजारो डॉलरांत जाते, स्पर्धांसाठी विमानाची तिकिटं काढावी लागतात आणि घरात प्रश्न येतो: हिला कॉलेजमध्ये खेळता येईल का? उत्तर शोधायला आपल्याजवळ बहुतेक वेळा ऐकीव माहितीच असते, कारण हा रस्ता आपण स्वतः चाललेलो नाही. आपण गुण, कटऑफ आणि प्रवेशाच्या याद्या पाहून मोठे झालो. इथे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी कोचला स्वतः लिहायचं असतं, आपला व्हिडिओ पाठवायचा असतो आणि आलेले नकार पचवायचे असतात. हायस्कूलमध्ये सॉकर खेळणाऱ्या शंभर मुलामुलींपैकी एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या (डिव्हिजन वन, टू, थ्री यांपैकी) कुठल्या तरी विभागात खेळायला मिळतं ते साधारण सहा-सात जणांना. इतक्या अरुंद वाटेवर चुकीच्या समजुतींमुळे वाया गेलेलं एक वर्षही महागात पडतं, म्हणून नेहमी कानावर येणाऱ्या काही समजुती इथे तपासून पाहू.

“खेळ चांगला असला की कोच आपोआप शोधत येतात”

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं. देशपातळीवरच्या युवा संघात निवड झालेल्या मोजक्या मुलांच्या बाबतीत ती खरी असेलही, बाकीच्यांना लिहावंच लागतं. एमएलएस नेक्स्ट किंवा ईसीएनएल या युवा लीगच्या मोठ्या शोकेस स्पर्धांत एकाच वेळी अनेक मैदानांवर सामने चालू असतात. कॉलेजचे कोच हातात यादी घेऊन फिरतात आणि त्या यादीत बहुतेक करून आधी पत्र आलेल्या खेळाडूंची नावं असतात. यादीत नाव नसेल तर त्या दिवशी केलेला सुंदर गोलही कुणी पाहिला नाही, असं होऊ शकतं.

म्हणून स्पर्धेच्या आठवडा-दहा दिवस आधी एक छोटं ईमेल जायला हवं. त्यात हायस्कूल संपण्याचं वर्ष, खेळायची जागा, क्लब, जर्सीचा नंबर, जीपीए, सामन्यांच्या वेळा, मैदानांचे नंबर आणि व्हिडिओची लिंक असावी. तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ पुरतो. सगळ्यात चांगली दृश्यं पहिल्या अर्ध्या मिनिटात हवीत आणि प्रत्येक दृश्यात आपला खेळाडू कोणता हे बाणाने दाखवलेलं हवं. नुसते गोल जोडून भागत नाही. बचावफळीतली मुलगी चेंडू लांब असताना कुठे उभी राहते, चेंडू हातचा गेल्यावर किती लवकर मागे धावते, हे कोचला पाहायचं असतं. त्यासाठी एखाद्या पूर्ण सामन्याचं चित्रीकरणही तयार ठेवावं, कारण आवड निर्माण झाली की कोच तेच मागतात.

ईमेल पाठवून महिने झाले, उत्तर नाही, म्हणून मुलं हिरमुसतात. इथे नियम माहीत असावा. डिव्हिजन वनचे सॉकर कोच दहावी संपल्यानंतरच्या 15 जूनपर्यंत खेळाडूशी प्रवेशाबद्दल बोलू किंवा लिहू शकत नाहीत. तोपर्यंत ते फार तर माहितीचा फॉर्म किंवा कॅम्पचं पत्रक पाठवतील. कॉलेजला भेट देऊन कोचशी बोलणं सुरू होतं ते अकरावीच्या आधीच्या 1 ऑगस्टपासून. हा नियम 2019 मध्ये आला, कारण त्याआधी आठवी-नववीतल्या मुलीसुद्धा कॉलेजांना तोंडी होकार देऊन बसत होत्या. मुलांनी कोचला लिहिण्यावर मात्र कसलीही बंदी नाही. नववीत पाठवलेलं पत्र कोच वाचतात आणि नाव टिपून ठेवतात. डिव्हिजन थ्रीचे कोच तर त्या 15 जूनच्या आधीही उत्तर देऊ शकतात.

आता आईबाबांसाठी थोडं स्पष्ट. आपल्याकडे प्रवेशाचे फॉर्म भरण्यापासून रांगेत उभं राहण्यापर्यंत सगळं घरच्या मोठ्यांनी केलं, तीच माया इथेही उफाळून येते आणि बाबा मुलाच्या नावाने पत्रं लिहायला बसतात. कोचना ते दोन ओळींत कळतं. त्यांना चार वर्षं ज्याच्यासोबत काढायची आहेत त्या मुलाचा आवाज ऐकायचा असतो. मुलाचं इंग्रजी थोडं ओबडधोबड असलं, फोनवर तो अडखळला तरी चालेल; बोलावं त्यानेच. मैदानाच्या कडेला उभं राहून रेफरीवर ओरडणारे पालकही कोचच्या नजरेतून सुटत नाहीत. आपलं काम पैशांचे प्रश्न विचारण्याचं, गाडी चालवण्याचं आणि नकार आल्यावर शेजारी बसण्याचं. तेवढं मनापासून केलं तरी खूप आहे.

“स्कॉलरशिप म्हणजे शिक्षण फुकट”

टीव्हीवर दिसणाऱ्या अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलवरून ही कल्पना आली आहे. सॉकरचं गणित निराळं आहे. 2024-25 पर्यंत डिव्हिजन वनमध्ये पुरुषांच्या एका संघाला 9.9 आणि महिलांच्या संघाला 14 पूर्ण स्कॉलरशिपइतकाच निधी वाटायची मुभा होती. महिलांचा आकडा मोठा असण्यामागे 1972 चा ‘टायटल नाइन’ हा लिंगसमानतेचा कायदा आहे. पुरुषांच्या अमेरिकन फुटबॉलला मिळणाऱ्या डझनावारी स्कॉलरशिपांचा तोल कॉलेजांना मुलींच्या खेळांतून साधावा लागतो. 9.9 चा निधी अठ्ठावीस मुलांत वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी एक तृतीयांशाच्या आसपास येतो. काहींना अर्धी मिळते, काहींना फक्त पुस्तकांचे पैसे, काहींना काहीच नाही.

जून 2025 मध्ये न्यायालयाने खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या ‘हाउस विरुद्ध एनसीएए’ खटल्यातल्या तडजोडीला मान्यता दिली आणि चित्र बदललं. या व्यवस्थेत सामील झालेल्या कॉलेजांना स्कॉलरशिपच्या संख्येची मर्यादा उरली नाही, त्याऐवजी संघाच्या आकाराला मर्यादा आली: सॉकरसाठी 28 खेळाडू. आता अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जणांना पूर्ण पैसे देता येतील, असं कागदावर दिसतं. पण नियमाने परवानगी दिली म्हणून कोचच्या हातात पैसे येत नाहीत. सॉकर हा कॉलेजला कमाई करून देणारा खेळ नाही. शिवाय पूर्वी तीस-पस्तीस जणांच्या संघात शेवटच्या काही जागांवर विनास्कॉलरशिप येऊन मेहनतीने वर सरकणाऱ्या मुलांसाठी जी दारं होती, ती या मर्यादेने अरुंद केली. डिव्हिजन टूमध्ये जुन्या पद्धतीची मर्यादा कायम आहे: पुरुषांना 9, महिलांना 9.9.

खरे पैसे अनेकदा दुसऱ्या खिशात असतात. खासगी कॉलेजचा वर्षाचा एकूण खर्च आज ऐंशी-नव्वद हजार डॉलरांच्या घरात जातो. त्यातून अभ्यासाच्या गुणांवर मिळणारी सूट आणि घरच्या उत्पन्नानुसार मिळणारी मदत अनेक घरांसाठी सॉकरच्या स्कॉलरशिपपेक्षा मोठी ठरते. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर आपल्याला अंदाजे किती खर्च येईल ते काढायचं साधन, नेट प्राइस कॅल्क्युलेटर, असतं. कायद्याने ते 2011 पासून बंधनकारक आहे. कोचला पहिलं पत्र लिहिण्याआधी आईबाबांनी एका संध्याकाळी बसून आठ-दहा कॉलेजांचे आकडे काढावेत आणि ते मुलासमोर मोकळेपणाने मांडावेत. घरची ऐपत लपवून मुलाला स्वप्नं दाखवणं हा मला अन्याय वाटतो.

“ग्रीन कार्ड नाही, मग स्कॉलरशिप कसली?”

आपल्या मंडळींत हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, म्हणून मोठ्याने उत्तर देते. खेळाची स्कॉलरशिप नागरिकत्वावर अवलंबून नसते. पुरुषांच्या डिव्हिजन वन सॉकर संघांत परदेशी खेळाडूंचा भरणा मोठा आहे आणि त्यांतले कितीतरी स्कॉलरशिपवर येतात. एच-फोर या अवलंबितांच्या व्हिसावर वाढलेल्या मुलाला केंद्र सरकारची शैक्षणिक मदत मात्र मिळत नाही, आणि एकविसाव्या वर्षी तो व्हिसा सुटतो, म्हणजे बऱ्याचदा कॉलेजच्या मधल्या वर्षांतच विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. त्यामुळे अशा घरांनी प्रत्येक कॉलेजला सुरुवातीलाच दोन गोष्टी विचाराव्यात: तुमची स्वतःची मदत या व्हिसावर असलेल्या विद्यार्थ्याला मिळते का, आणि राज्यातल्या रहिवाशांची सवलतीची फी लागू होते का? दोन्हींची उत्तरं राज्यागणिक, कॉलेजागणिक बदलतात. विद्यार्थी व्हिसावर काम करण्यावर बंधनं असल्यामुळे नाव आणि प्रतिमेच्या जाहिरातींतून पैसे मिळवण्याचा मार्ग, ज्याची हल्ली फार चर्चा असते, या मुलांसाठी धोक्याचा आहे. वकिलाला विचारल्याशिवाय तिकडे वळू नये.

“डी-वन नाही, तर मग कशाला?”

गणेशोत्सवात कुणी विचारतं, “डी-वन ना?” आणि “नाही, डी-थ्री” म्हणताना त्या मुलीचा चेहरा पडतो. असं होऊ नये. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, टफ्ट्स, शिकागो विद्यापीठ, जॉन्स हॉपकिन्स, एमआयटी ही सगळी सॉकरमध्ये डिव्हिजन थ्रीची कॉलेजं आहेत. हा एनसीएएचा सगळ्यात मोठा विभाग आहे. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही. आयव्ही लीगही देत नाही, जरी ती डिव्हिजन वनमध्ये असली तरी.

पण अशा काही कॉलेजांत कोचचा पाठिंबा प्रवेशाच्या वेळी मोलाचा ठरतो. अकरावी संपल्यावरच्या उन्हाळ्यात कोच मुलाची गुणपत्रिका प्रवेश विभागाकडे प्राथमिक तपासणीसाठी पाठवतात आणि तिथून इशारा येतो की वाट मोकळी आहे की अवघड. एमआयटीसारख्या ठिकाणी कोचच्या शब्दाचं वजन फार कमी असतं, इतर काही ठिकाणी बरंच असतं. म्हणून कोचला सरळ विचारावं: तुमच्या पाठिंब्यावर गेल्या काही वर्षांत किती जणांनी अर्ज केला आणि किती जणांना प्रवेश मिळाला? या टप्प्यावर कोच बहुधा अर्ली डिसिजनने अर्ज करायला सांगतात. तो अर्ज बांधून ठेवणारा असतो, प्रवेश मिळाला तर जावं लागतं. त्यामुळे सही करण्याआधी आर्थिक मदतीचा अंदाज कॉलेजकडून लेखी मागून घ्यावा.

“कॅम्पचं आमंत्रण आलंय!”

आनंद करायच्या आधी पत्र नीट वाचा. कॉलेजचे कॅम्प नियमानुसार वय, इयत्ता आणि जागा पाहून सगळ्यांना खुले असावे लागतात आणि ती पत्रकं हजारोंच्या संख्येने जातात. तुमच्या मुलीच्या अमुक सामन्याचा, तिच्या जर्सीच्या नंबरचा उल्लेख असेल, कोचने स्वतः फोन केला असेल, तर गोष्ट वेगळी. ज्या दोन-तीन कॉलेजांत तिला खरंच जायचं आहे आणि जिथल्या कोचनी काही उत्सुकता दाखवली आहे, तिथल्याच कॅम्पला पैसे भरावेत.

पैसे घेऊन प्रवेश जुळवून देणाऱ्या सेवांबद्दलही हेच. ठरावीक फी घेऊन माहिती देणं नियमात बसतं. मिळालेल्या स्कॉलरशिपच्या हिशेबाने फी मागणाऱ्याच्या मात्र वाऱ्यालाही उभं राहू नये, त्याने खेळाडूची पात्रताच धोक्यात येते.

“गुणांचं बारावीत बघू”

उशीर झालेला असतो. डिव्हिजन वनसाठी हायस्कूलच्या चार वर्षांत सोळा ठरावीक मूलभूत विषय आणि त्यांत किमान 2.3 जीपीए लागतो, डिव्हिजन टूसाठी 2.2. डिव्हिजन वनसाठी सोळांपैकी दहा विषय बारावी सुरू होण्यापूर्वी पुरे व्हावे लागतात. त्यांतले सात इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे हवेत आणि त्या दहांचे गुण तिथेच गोठतात. पात्रतेसाठी एसएटी-एसीटीची अट एनसीएएने जानेवारी 2023 मध्ये काढून टाकली. कॉलेजांची स्वतःची अट वेगळी असू शकते. एमआयटीने 2022 मध्येच ती परीक्षा पुन्हा सक्तीची केली. भारतात शिकणाऱ्या मुलांनी नववीपासूनच्या गुणपत्रिका सांभाळून ठेवाव्यात, त्या सगळ्या लागतात.

“कोच हो म्हणाले, आता निर्धास्त”

तोंडी होकार दोन्ही बाजूंना बांधत नाही. कोच दुसऱ्या कॉलेजात जाऊ शकतात, आणि कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंसाठी 2018 पासून सुरू झालेल्या ट्रान्सफर पोर्टलमुळे तुमच्या मुलाच्या जागेवर दोन वर्षं कॉलेज सॉकर खेळलेला खेळाडू येऊ शकतो. पूर्वीचं ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ हे लेखी बांधिलकीचं पत्र 2024 मध्ये बंद झालं, त्याची जागा आता कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या करारपत्राने घेतली आहे. त्यात रक्कम किती, किती वर्षांसाठी आणि दुखापत झाली तर काय, हे वाचल्याशिवाय सही करू नये.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. अकरावी संपली आणि हातात काही नाही, म्हणजे सगळं संपलं असं नसतं. अठ्ठावीस जणांच्या संघात दरवर्षी सहा-सात जागा रिकाम्या होतात आणि कोच त्या जागेनुसार माणूस शोधतात. ज्या वर्षी त्यांना डाव्या बाजूचा बचावपटू हवा असतो, त्या वर्षी उत्तम मिडफिल्डरलाही नकार जातो. त्यात मुलाच्या लायकीचा निवाडा नसतो, हे त्याला घरात पुन्हा पुन्हा सांगावं. डिव्हिजन थ्री, एनएआयए (एनसीएएबाहेरची कॉलेज-खेळांची संघटना) आणि दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजं बारावीच्या वसंतापर्यंतही खेळाडू घेत असतात. मुलांचे संघ मुलींच्या संघांपेक्षा उशिरा ठरतात.

कॉलेजच्या भेटीला गेलात, तर कोचचं दालन पाहून परत फिरू नका. मुलाला संघातल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या खेळाडूंबरोबर जेवायला सोडा, एखाद्या वर्गात बसू द्या, दौऱ्यामुळे परीक्षा बुडते तेव्हा प्राध्यापक काय करतात ते विचारू द्या. आणि परतीच्या वाटेवर त्याला विचारा: समज, पहिल्याच महिन्यात गुडघा गेला आणि पुढे खेळता आलं नाही, तरी इथे चार वर्षं राहशील? त्याने “नाही” म्हटलं, तर यादीतलं पुढचं कॉलेज पाहायला घ्या.