दुसरा 'सा' येतो कुठून?

औंध हे यमाईचं गाव, तसंच गाण्याचंही. गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ पं. अंतुबुवा जोशी यांनी १९४० साली इथे संगीत महोत्सव सुरू केला आणि ती परंपरा अजून चालू आहे. अशा गावातल्या विद्यार्थ्यानं घरच्या लॅपटॉपवर बंदिश ध्वनिमुद्रित केली आणि ऐकताना प्रत्येक 'सा'च्या मागून दुसरा 'सा' आला, तर संशय आधी खोलीवर जातो. भिंतींना फोम लावा, असा सल्लाही मिळतो. पैसे खर्च करण्यापूर्वी थोडं गणित करावं.

आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. चार मीटरवरच्या भिंतीवर आपटून तो परततो २३ मिलिसेकंदांत. बोलण्याचा आवाज साधारण ५० मिलिसेकंदांच्या आत परतला, तर कान दोन्ही एकच समजतो. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये हे प्रयोगांतून मांडलं. म्हणजे सुटा, स्पष्ट प्रतिध्वनी यायला भिंत साडेआठ मीटरच्या पलीकडे हवी. घरात एवढी खोली असते कुणाची? दुसरा 'सा' बहुधा संगणकातूनच आलेला असतो. माइकचा आवाज संगणकात शिरून, थोडा रेंगाळून स्पीकरमधून निघतो आणि पुन्हा माइकमध्ये जातो.

खात्री करायला एक टाळी पुरते. ती रेकॉर्ड करून आलेख मोठा करून पाहावा. टाळीच्या उभ्या शिखरानंतर, मोकळी जागा सोडून, तसंच लहान शिखर दिसलं तर दोष संगणकाचा. शिखरामागे केसाळ, उतरती शेपटी दिसली तर तो खोलीचा घुमारा. मग हेडफोन लावून पुन्हा टाळी वाजवावी. दुसरं शिखर गेलं, तर चोर स्पीकर होता. तरीही राहिलं, तर विंडोजमधलं 'लिसन टू धिस डिव्हाइस' आणि ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमधलं, माइकचा आवाज लगेच ऐकवणारं सेटिंग बंद करावं. रेकॉर्डिंगसाठी, संगणकातला सगळा आवाज पकडणाऱ्या 'स्टिरिओ मिक्स'ऐवजी थेट माइक निवडावा. तानपुऱ्याचं अ‍ॅपही हेडफोनमध्येच ऐकावं.

घुमाऱ्याला मात्र मऊ वस्तूच लागतात. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात वॉलेस सबीन यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून ठेवल्या आणि घुमारा किती घटतो हे मोजलं. आपल्याकडे जाड वाकळ आहे. ती भिंतीला चिकटवून न टांगता चार बोटं अंतर ठेवून टांगावी, म्हणजे जास्त आवाज शोषते. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे माइक जवळ घेणं. दोन फुटांवरून अर्ध्या फुटावर आणला, की थेट पोचणारी ध्वनिऊर्जा सोळापट होते आणि घुमारा जवळपास तेवढाच राहतो. तारसप्तकात जाताना तोंड किंचित मागे घ्यावं, नाहीतर आवाज फाटतो.